दशी नसलेलं कापड

आमच्या इमारतीच्या केलरमध्ये एक बाई स्वतःला पाण्याच्या पाइपला बांधून बसली आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या कमरेवर मळक्या कपड्यांची टोपली होती. केलर म्हणजे तळघर. जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या त्या इमारतीतल्या सगळ्या बिऱ्हाडांची वॉशिंग मशिनं तिथे ओळीने मांडलेली होती आणि प्रत्येकाचा धुण्याचा वार ठरलेला होता. माझा मंगळवार. त्यामुळे मंगळवारी तिथे दुसरं कुणी असणं हाच मुळात नियमभंग, आणि ही तर जमिनीवर उशी टाकून, पाय पसरून, भिंतीवरच्या जाड पाइपाकडे तोंड करून बसलेली. कमरेमागून एक रुंद पट्टा आलेला, पट्ट्याला काठी, आणि त्या काठीपासून पाइपापर्यंत ताणलेले लाल, काळे, गुलाबी धागे.

कुठलीही शहाणी बाई "हालो" म्हणून आपलं मशीन लावायला गेली असती. मी टोपली खाली ठेवली आणि तिच्या शेजारी उकिडवी बसले.

त्याला कारण आहे. माझं माहेर इचलकरंजीचं. आमच्या घरामागच्या शेडमध्ये वडिलांचे यंत्रमाग होते आणि त्यांचा खडखडाट बंद पडला की मला झोपेतून जाग यायची. कापडातलं आपल्याला सगळं कळतं असा एक ताठा त्या गावच्या प्रत्येक माणसात असतो, तो माझ्यातही भरपूर होता. कापड दिसलं की ते बोटांत चोळायचं आणि उलटी बाजू बघायची, ही आमची खोड. लग्न होऊन जर्मनीत आल्यावर मी ती महत्प्रयासाने आवरली होती, कारण बसमध्ये परक्या माणसाच्या कोटाची बाही उलटून बघितलेली इथे चालत नाही.

आणि समोर तर मागच नव्हता. चौकट नाही, फणी नाही, आडवा धागा नेणारा धोटा नाही. दोन काठ्या, मधे धागे, आणि ती. ती मागे रेलली की धागे ताठ व्हायचे, पुढे झुकली की सैल पडायचे. अर्धा माग ती स्वतःच होती. एका हाडाच्या टोकदार खुंटीने ती धाग्यांमध्ये ठोके देत होती. ते हाड लामाचं, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांतल्या लोकरी जनावराचं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त विचारलं, "उलटी बाजू बघू?"

"उलटी बाजू नाहीये," ती म्हणाली.

खरंच नव्हती. वरच्या बाजूला काळ्यावर लाल पक्षी होते, खालच्या बाजूला तेच पक्षी लालावर काळे. लोंबणारा एक धागा नाही, गाठ नाही. आडवा धागा तर कुठे दिसतच नव्हता, सगळी नक्षी उभ्या धाग्यांची. मला मनापासून राग आला. इतकी वर्षं कापडाच्या गावात काढून ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितली नाही याचा राग.

ती आमच्याच खालच्या मजल्यावर राहायची. बोलिव्हियातली, उंच डोंगरातल्या एका खेड्यात जन्मलेली, पण शिक्षणासाठी लहानपणीच शहरात गेलेली. रसायनशास्त्र शिकून जर्मनीला आली आणि इथल्याच एका माणसाशी लग्न केलं. हे दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं. तिचा नवरा मोटारींच्या कारखान्यात, माझा त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या कंपनीत, त्यामुळे दोघेही सकाळी एकाच रांगेत गाडी घेऊन अडकलेले असायचे. आणि आमचं दोघींचं जर्मन सारख्याच जागी मोडकं होतं. डेर, दी, दास या लिंगांच्या भानगडीची भीड नव्हती, म्हणून एकमेकींचं अगदी नीट कळायचं.

पुढे मंगळवार आमचा दोघींचाच झाला. मी धुणं लावायचे, ती पाइपाला बांधून घ्यायची. घरात का विणत नाहीस, असं मी एकदा विचारलं. तिने हीटरला बांधून पाहिलं होतं आणि हीटर भिंतीतून थोडा बाहेर आला होता. नवऱ्याने पुट्टी भरून तो परत बसवला आणि केलरचा पाइप दाखवला.

माझ्या प्रश्नांना अंत नव्हता, आणि सगळेच काही शहाणे नव्हते. गावातल्या पादचारी रस्त्यावर शनिवारी काही माणसं पोंचो घालून, डोक्याला पिसांचे टोप लावून बासऱ्यांची जुडी वाजवायची. ती तुमचीच ना, असं मी तिला विचारलं. ती इतकी हसली की धागे सैल पडले.

"आल्झो, हे बघ, ते पोंचो मशीनवरचे. मोठ्या कापडातून कापलेले, वर झालर शिवलेली. आणि पिसं माझ्या गावात कोंबड्या घालतात."

त्या माणसांबरोबर मी फोटो काढून इचलकरंजीला पाठवला होता, हे मी तिला सांगितलं नाही.

"कापलेले" हा शब्द मात्र ती ज्या चेहऱ्याने म्हणाली तो मला समजेना. कापड म्हणजे माझ्या लेखी ताका. उलगडायचा, मोजायचा आणि कापायचा. कापल्याशिवाय कापडाचं काहीच होत नाही. तेव्हा तिने मला आईचं कापड दाखवलं.

ते अर्धं होतं. अवायो म्हणतात त्याला. तिकडच्या बायका ते खांद्यावरून घेऊन छातीशी टाचणीने अडकवतात, त्यात बाजार बांधतात आणि पाठीवर पोर बांधतात. ते दोन भागांत विणायचं आणि मधोमध एकमेकांना शिवायचं. तिला दिवस जाण्याच्या कितीतरी आधी तिच्या आईने एक भाग विणून ठेवला होता, आणि दुसरा विणायच्या आत ती गेली. आता लेकीला सहावा महिना होता. दुसरा भाग आपण विणायचा आणि बाळाला त्या कापडात बांधायचं, एवढं तिने ठरवलं होतं. नवऱ्याने चांगली किंडरवागन, म्हणजे बाबागाडी, आणून ठेवली होती. ढकलगाडीला तिची हरकत नव्हती, पण आईच्या अर्ध्या कापडात बाळ मावत नाही, आणि ते अर्धं कापड तिला तसंच पेटीत ठेवायचं नव्हतं.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"अडचण शेवटची आहे," ती म्हणाली. "मला संपवता येत नाही."

लहानपणी ती फक्त कमरेचे पट्टे विणायला शिकली होती. पट्ट्याला टोकाला गोंडे चालतात, तिथे थांबलं तरी भागतं. अवायोला मात्र चारही बाजूंना काठ असतो. धागे मागावरच असे फेरे घेऊन लावतात की कापड उतरवताना कात्री लागतच नाही. पण विणत विणत वरच्या काठीपाशी गेलं की जागा उरत नाही, धागे उचलता येत नाहीत, हाड आत जात नाही. तिथे पुढे काय करायचं ते आई करायची, आणि तेव्हा लेक शहरात शाळेत असायची. मावशीला फोन केला तर मावशी म्हणाली, आई करायची तसंच कर. हाताने करायची गोष्ट टेलिफोन कार्डावर कशी सांगणार?

"उरलेलं कापून टाक की," मी म्हणाले. इचलकरंजी बोलली.

"कात्री लावलेल्या कापडात आमच्याकडे बाळ बांधत नाहीत." मग म्हणाली, "माझा त्यावर विश्वास आहे की नाही मला माहीत नाही. पण ते करून बघणारी मी नको."

गरोदर बाईच्या बाबतीत आपण तरी कुठे करून बघतो?

त्यानंतर मला त्या कापडाची तिच्याइतकीच चिंता लागली. पक्ष्यांच्या ओळी वाढत होत्या आणि पोटही वाढत होतं. खालची काठी पोटाशी टेकायची, हात पुरायचे नाहीत, दर आठवड्याला ती पाइपापासून जरा लांब सरकायची. मी आईचं अर्धं कापड घेऊन त्याची दोन्ही टोकं पुन्हापुन्हा तपासायचे. दोन्ही सारखीच बंद, सारखीच सुबक. कुठून सुरू केलं आणि कुठे संपवलं काही पत्ता लागत नव्हता. माझा ताठा तोपर्यंत बराच उतरला होता.

एप्रिलमध्ये सासूबाई आल्या. त्या साताऱ्याच्या. हात कधी स्वस्थ नसत, आणि दुसऱ्याचं काम अडलेलं दिसलं की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. आल्या आल्या त्यांनी माझे डबे लावले, मग खालच्या शेजारणीला डिंकाचे लाडू पोचवले. जर्मन त्यांना एकच येत होतं, "या, या", म्हणजे हो, हो, आणि ते त्या इतक्या ठिकाणी वापरत की बरेचदा बरोबर यायचं. शेजारीण वर आली की दोघी समोरासमोर बसून आपापल्या भाषेत बोलत. मी दुभाषी, पण माझी फारशी गरज पडत नसे.

अमावास्येनंतरची बीज आली की चंद्रकोरीला नेसत्या वस्त्राची दशी वाहायची, हा सासूबाईंचा नेम. दशी म्हणजे कापडाच्या टोकाला सुटलेला धागा. तो काढून चंद्राला दाखवायचा आणि जुनं घेऊन नवं दे म्हणायचं. एप्रिलची कोर इथल्या, बव्हेरियाच्या ढगांनी खाल्ली होती, त्यामुळे मे महिन्यात त्या इरेला पेटल्या. दिनदर्शिका भारतातली, तेव्हा बीज तिथल्या घड्याळाने धरायची की इथल्या, यावर आमचा दुपारभर वाद झाला.

"आई, अहो, चंद्र दिसला की बीज समजा," मी शेवटी म्हणाले.

संध्याकाळी शेजारीण रिकामा डबा द्यायला वर आली, आणि नेमकी तेव्हाच पश्चिमेला, समोरच्या छपरांवर, नखाएवढी कोर दिसली. आम्ही तिघी बाल्कनीत गेलो. गार वारा होता, म्हणून तिने आईचं कापड खांद्यावर घेतलेलं. सासूबाईंनी आपल्या पदराची दशी काढली, चंद्राला दाखवली, आणि शेजारणीकडे पाहून मला म्हणाल्या, "अगं, हिलाही वाहू दे. हिलाच खरं तर नवं हवंय आता."

मी जर्मनमध्ये समजावलं. तिला ते फार आवडलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, माझीही द्या," म्हणत तिने खांद्यावरचं कापड पुढे केलं.

सासूबाई दशी शोधू लागल्या. एक टोक पाहिलं, दुसरं पाहिलं, चष्मा लावून चारही बाजू फिरल्या. "अगं, याला दशीच नाही," त्या म्हणाल्या. "याला सुरुवात-शेवट काही आहे की नाही?" मला हसू आलं, कारण महिनाभर मी हेच विचारत होते. पण त्या हार मानणाऱ्या नव्हत्या. बाजूच्या काठावर, कोपऱ्यापासून चार बोटं आत, त्यांच्या नखाला केसभर काहीतरी लागलं. त्यांनी ते चिमटीत धरलं आणि ओढलं.

तेवढंसं तुटून हातात यायला हवं होतं. ते आलं नाही. धागा येत राहिला. मातकट तपकिरी, हाताने कातलेला, कापडाच्या या काठापासून त्या काठापर्यंत जेवढा लांब तेवढा अख्खा धागा सासूबाईंच्या हातात आला.

सासूबाई खुर्चीत बसल्या. "मेलेल्या माणसाच्या हाताचं होतं गं ते," त्या हळूच म्हणाल्या, "आणि मी उसवलं." हे मी भाषांतर केलं नाही. शेजारणीला ते कळलंच होतं. तिने सासूबाईंच्या खांद्यावर हात ठेवला, कापड उचललं आणि आत स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली नेलं.

धागा निघाला होता तिथे बारीक फट पडली होती. बाकी वीण जागची हललेली नव्हती. त्या ओळीतल्या पक्ष्यांची डोकी पुसट होती, हे मी आधीही पाहिलं होतं.

"इथे आई चुकायची," ती म्हणाली. "तिच्या प्रत्येक अवायोत इथे नक्षी बिघडलेली असायची. मी म्हणायचे, आई, तू दमतेस का इथे? ती हसायची."

मी खोडीप्रमाणे कापड उलटं केलं. त्या बाजूनेही तेच, पुसट डोकी आणि फट. आणि मग माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. आडवा धागा एका काठापर्यंत जातो, वळतो आणि परत येतो. सगळ्या ओळी अशा एकमेकींना बांधलेल्या. मधलीच एक ओळ कुणी ओढली तर ती अशी अख्खी, एकटी निघत नाही, पुढची-मागची आवळत येते. वडिलांच्या शेडमध्ये कापडातला धागा ओढून मी कितीदा चापट खाल्ली होती. एकटा निघू शकतो तो फक्त सगळ्यात शेवटी, वेगळा घातलेला.

"हा शेवटचा धागा आहे," मी म्हणाले. "तुझ्या आईने कापड इथे संपवलंय. काठाशी नाही. इथे, आत."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग कापडाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ओठ न हलवता ती काहीतरी मोजत होती.

"तिने माग फिरवला," ती म्हणाली. "जागा होती तेव्हाच फिरवला. वरच्या टोकाकडून थोडं विणून घेतलं आणि मग मधलं बुजवलं." आणि ती रडायला लागली. "ती चुकत नव्हती."

सासूबाईंना हे सगळं मराठीत सांगेपर्यंत त्यांचाही पदर डोळ्यांना लागला होता. त्यांनी तो तपकिरी धागा गुंडाळून दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरला. चंद्र तोपर्यंत छपरांमागे गेला होता आणि त्याच्या वाट्याला त्या दिवशी एकच दशी आली.

पुढच्या मंगळवारी आम्ही तिघी केलरमध्ये होतो. तिच्या कापडाचं वीतभर विणायचं राहिलं होतं. मी तिचा पट्टा सोडवला, विणलेला भाग गुंडाळून पाइपाला बांधला आणि पाइपाकडची काठी तिच्या कमरेला आणली. चार बोटं ती त्या बाजूने विणत आली. मग मधे फट उरली, आणि तिथे हाड जाईना तेव्हा तिने मोठी सुई घेतली. एकेक धागा नखाने उचलायचा, सुई सरकवायची. पक्ष्यांची डोकी तिच्याकडूनही पुसट झाली. दर वेळी डोकं बिघडलं की ती हसायची. सासूबाई उशी सारखी करायच्या, पाणी द्यायच्या आणि "या, या" म्हणायच्या. पण काम सावकाशीचं होतं, पोट मधे येत होतं, आणि कापड पुरं व्हायच्या आतच सासूबाईंचा व्हिसा संपला.

त्या गेल्यानंतर आठवड्याभराने शेजारणीने मला खाली बोलावलं. तोवर तिने आडव्या धाग्यासाठी इथल्या दुकानातली काळी लोकर वापरली होती, पण शेवटच्या ओळीसाठी सुईत आईचा तपकिरी धागा ओवला होता. मी एका बाजूने धागे उचलून धरले, तिने सुई आरपार नेली. धागा आत गेला आणि दिसेनासा झाला, कारण त्या विणीत आडवा धागा दिसतच नाही. फक्त काठाशी, काळ्या रेघेत, तिळाएवढा तपकिरी ठिपका राहिला. आईच्या कापडातली फट तिने तशीच ठेवली. दोन्ही भाग मधोमध शिवायला एक दुपार पुरली.

बाळ जूनमध्ये आलं. दवाखान्यातून घरी आल्यावर काही दिवसांनी ती वर आली, कापड पाठीवर, त्यात बाळ, गाठ छातीशी. मी आधी तीळ शोधला. तो बाळाच्या टाचेजवळ होता.

त्या संध्याकाळी मी साताऱ्याला फोन लावला. सासूबाईंनी माझी चौकशी केली नाही, मुलाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, केली नाही. पहिला प्रश्न आला, "बंद झालं का गं?"

"झालं, आई. चारही बाजूंनी."

"आणि तो धागा?"

मी सांगितलं कुठे आहे ते.

"दशी कुठे निघत नाही ना आता?"

"नाही. मी सगळीकडे बघितलं."

"मग चंद्राला काय देणार ती?" असं म्हणून त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. "काही नको द्यायला. आपण जुनं देतो तेव्हा नवं मागतो. तिनं जुनं ठेवून घेतलं आणि नवंही मिळवलं."

मग त्यांनी विचारलं, "बरं, मुलगा की मुलगी?"